कॅम बदलला, हेड घासलं की बाईक खरंच पळते? इंजिनाच्या आतला हिशेब समजून घ्या

रीलमध्ये सगळं सोपं दिसतं. इंजिन उघडलं, चकचकीत नवा कॅम बसवला, हेडला पॉलिश मारली आणि पुढच्या सेकंदाला गाडी सुसाट! खाली कमेंट्समध्ये एकच प्रश्न असतो, “भाऊ, खर्च किती?”

पण त्याआधी विचारायला हवा असा प्रश्न वेगळा आहे. ही वाढलेली ताकद येते कुठून आणि तिच्या बदल्यात काय जातं?

रॉयल एन्फिल्डच्या इंटरसेप्टर ६५० चं इंजिन उदाहरण म्हणून घेऊया. २०१८ मध्ये भारतात आलेलं हे ६४८ सीसीचं, दोन सिलिंडरचं इंजिन. प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह आणि ते सगळे उघडायला वर हेडमध्ये एकच कॅमशाफ्ट.

कॅम नेमकं करतो काय?

इंजिन म्हणजे हवेचा पंप. जितकी हवा आत जाईल, तितकं पेट्रोल जाळता येतं. हवेचा हा दरवाजा म्हणजे व्हॉल्व्ह, आणि तो कधी उघडायचा, किती उघडायचा, किती वेळ उघडा ठेवायचा हे कॅमवरचा उंचवटा ठरवतो. त्याला लोब म्हणतात. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक फेरा होतो.

आता वेळेचा हिशेब बघा. समजा, इनटेक व्हॉल्व्ह क्रँकच्या २५० अंशांपर्यंत उघडा राहतो. ३००० आरपीएमला त्याला सुमारे १४ मिलिसेकंद मिळतात. ७००० आरपीएमला मात्र जेमतेम ६. एवढ्याशा वेळात सिलिंडर पूर्ण भरत नाही, म्हणून वरच्या आरपीएमला इंजिनाचा दम कमी पडतो.

यावर उपाय काय? व्हॉल्व्ह जास्त उंच उचलणारा आणि जास्त वेळ उघडा ठेवणारा कॅम. यालाच आपण ‘परफॉर्मन्स कॅम’ म्हणतो.

मग बीएचपी वाढते कशी?

ताकद म्हणजे टॉर्क आणि आरपीएम यांचा गुणाकार. इंटरसेप्टरचा कमाल टॉर्क ५२ एनएम आहे, तो ५२५० आरपीएमला मिळतो. कमाल ताकद ४७ बीएचपी आहे, ती ७१५० आरपीएमला. उलटा हिशेब केला तर ७१५० ला टॉर्क साधारण ४७ एनएम उरलेला असतो.

म्हणजे नवीन कॅमने तिथेही ५२ एनएम टिकवून धरला, तर ताकद सुमारे ५२ बीएचपी होईल. कागदावर पाच बीएचपीची वाढ! हा निव्वळ गणिताचा आकडा आहे, हमी नव्हे. पण वाढ कुठून येते ते यातून कळतं.

बदल्यात काय जातं?

जास्त वेळ उघडा राहणारा इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो. वेगात असताना आत धावणारी हवा स्वतःच्या जोरावर येत राहते, म्हणून फायदा होतो. पण कमी आरपीएमला तिच्यात तो जोर नसतो. वर येणारा पिस्टन तिला परत बाहेर ढकलतो.

शिवाय इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह थोडा वेळ एकत्र उघडे असतात. हा काळ वाढला की कमी आरपीएमला जळालेला वायू आत परततो, आयडलिंग अडखळतं, प्रदूषण वाढतं. ट्रॅफिकमध्ये दुसऱ्या गिअरवर गाडी मरगळते. घाटात डबल सीट चढताना सारखा गिअर उतरवावा लागतो.

म्हणूनच यामाहाने आर१५ च्या १५५ सीसी इंजिनात इनटेकसाठी दोन वेगळे लोब दिले. खालच्या आरपीएमला एक आणि ७४०० च्या पुढे दुसरा. एकाच लोबमध्ये दोन्ही सुखं मिळत नाहीत, हे कंपनीनेच मान्य केल्यासारखं आहे.

हेडचं काम म्हणजे फक्त पॉलिश नव्हे

हेडमधल्या हवेच्या वाटेला पोर्ट म्हणतात. पोर्ट जितका मोठा तितका चांगला, हा मोठा गैरसमज आहे. वाट नको तितकी रुंद केली की हवेचा वेग पडतो आणि पुन्हा खालचा टॉर्क जातो. खरा फायदा व्हॉल्व्हच्या सीटजवळचा अडथळा कमी करण्यात आणि सीटचे कोन नीट कापण्यात असतो. इनटेक पोर्ट आरशासारखा चमकवून विशेष काही हाती लागत नाही.

दुसरं काम म्हणजे हेड घासून कॉम्प्रेशन वाढवणं. इंटरसेप्टरचं कॉम्प्रेशन ९.५ ला १ आहे. एका सिलिंडरचे ३२४ सीसी धरले, तर पिस्टन सगळ्यात वर असताना मोकळी जागा सुमारे ३८ सीसी उरते. कॉम्प्रेशन १०.५ करायचं तर ही जागा ३४ सीसीवर आणावी लागेल. ७८ मि.मी. बोअरच्या हिशेबाने हे झालं सुमारे ०.८ मि.मी. घासकाम.

आणि यातून मिळतं काय? पुस्तकी गणिताने कार्यक्षमतेत तीन टक्क्यांहूनही कमी वाढ. उलट नॉकिंगचा धोका वाढतो. हेड खाली आलं की व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात आणि टायमिंग चेनवर चालणारा कॅमही किंचित उशिरा चालू लागतो. तो पुन्हा जुळवावा लागतो.

चूक झाली तर?

जास्त उंच उचलणाऱ्या कॅममुळे व्हॉल्व्ह पिस्टनला धडकू शकतो. एकदा धडकला की व्हॉल्व्ह वाकतो, पिस्टनला भोक पडू शकतं. जुन्या स्प्रिंगला नवा वेग झेपला नाही, तर व्हॉल्व्ह वेळेत बंदच होत नाही. जास्त हवा आली पण ईसीयूचं मॅपिंग जुनंच राहिलं, तर पेट्रोल कमी पडून इंजिन तापतं.

म्हणून काम देण्याआधी मेकॅनिकला चार गोष्टी विचारा.

- व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतर मोजणार का?
- कॅमसोबत योग्य स्प्रिंग बसवणार का?
- मॅपिंग कोण करणार?
- आधी आणि नंतर डायनोवर ग्राफ काढून देणार का?

ग्राफ मिळाला तर फक्त सगळ्यात वरचा आकडा बघू नका. तुम्ही रोज ज्या आरपीएमला गाडी चालवता, तिथे रेषा वर गेली की खाली, ते बघा.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणीतला तपशील जुळणार नाही असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे कलम काटेकोरपणे लागू केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये, परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. वॉरंटी आणि विम्याचा दावा अडकू शकतो, तो भाग वेगळाच.

ट्रॅकवर धावणाऱ्या गाडीसाठी कॅम आणि हेडचं काम अर्थपूर्ण आहे. तिथे इंजिन सतत वरच्या आरपीएमलाच असतं. रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीचा पिकअप कमी वाटत असेल, तर आधी टॅपेट, एअर फिल्टर, प्लग, क्लच आणि चेन तपासा, कॉम्प्रेशन मोजून घ्या. बऱ्याचदा हरवलेली ताकद तिथेच सापडते, तीही हेड न उतरवता.