मंडळाचे ऐकायचे किती?

पारोळ्यात कापसाचा विषय निघाला की पाठोपाठ विम्याचा निघतोच. तक्रार ठरलेली: माझ्या शेतात काही आले नाही, तरी भरपाई नाही. कारण हा विमा शेताचा नसून महसूल मंडळाचा आहे. मंडळात एका पिकाचे किमान दहा कापणी प्रयोग होतात. त्यांची सरासरी उंबरठा उत्पन्नाखाली गेली तरच भरपाई. ही क्षेत्राधारित कल्पना वि. म. दांडेकरांची. दारिद्र्यावर लिहिणारे दांडेकर सर्वांना ठाऊक असतात. १९७६ साली पीकविम्यावर लिहिणारे फारसे आठवत नाहीत.

उंबरठा म्हणजे मागील सात वर्षांतल्या उत्तम पाचांची सरासरी, गुणिले जोखीमस्तर. हाताशी आकडे पाचच! त्यांच्यावर विसंबायचे किती? अमेरिकेत कामगारांच्या अपघातविम्याचे दर ठरवताना हाच पेच पडला होता: छोट्या कारखान्याचा स्वतःचा अनुभव धरायचा, की साऱ्या धंद्याचा? १९१८ साली अल्बर्ट व्हिटनी यांनी दोन्ही धरले, भार वाटून. १९६७ साली स्विस गणिती हान्स ब्यूलमान यांनी त्या भाराला पक्का पाया दिला: वर्षे भागिले (वर्षे अधिक क). यातला 'क' म्हणजे एकाच मंडळातले वर्षावर्षांचे प्रचरण भागिले मंडळामंडळांमधले प्रचरण. समजा, चार वर्षांत एका मंडळाचे नुकसान शंभर रुपयांमागे ३०, जिल्ह्याचे १८, आणि 'क' ८. भार चार-बारांश, म्हणजे एक तृतीयांश, अंदाज २२.

खरी गंमत 'क'मध्ये आहे. तामसवाडीला बोरी नदीवर धरण आहे, तालुक्याचा बराच भाग मात्र कोरडवाहू. मंडळे मुळातच निराळी असतील, तर 'क' लहान आणि मंडळाचा शब्द वजनदार. पण कोरडवाहू कापूस पावसागणिक हेलकावतो, त्याने 'क' फुगतो. शिवाय १९७२ सारखा दुष्काळ सगळ्यांना एकदम गाठतो. तेव्हा दहा मंडळे म्हणजे दहा स्वतंत्र साक्षीदार नव्हेत. साध्या सूत्रात हे बसत नाही.

हप्त्याचा अंदाज चुकला तर भुर्दंड मुख्यतः सरकारी तिजोरीला, कारण केंद्राच्या नियमाने कापसाला शेतकऱ्याचा वाटा पाच टक्क्यांवर जात नाही. उंबरठा चुकला तर भुर्दंड शेतकऱ्याला. आणि तिथेच ही वाटणी नाही: मंडळाची माहिती पुरेशी असेल तर सारा भार तिच्यावर, अपुरी असेल तर शेजारच्या किंवा वरच्या घटकाची उसनी. मला मधला मार्ग न्याय्य वाटतो, पण तो फुकटचा नाही. जिल्हा मिसळला की कोरड्या मंडळाचा उंबरठा वर चढेल आणि धरणाखालच्याचा उतरेल. तामसवाडीकरांना हे कोण सांगणार?