केळीच्या पानातला झो लुआ

हनोईजवळचं उओक ले हे गाव डुकराच्या मांसाच्या रोलसाठी, म्हणजे ‘झो लुआ’साठी नावाजलेलं. तेत या नववर्षाच्या सणात पितरांच्या नैवेद्यातही तो असतो.

खरी करामत उखळात घडते. जनावर कापल्यावर मांस कोमट असतानाच कुटायचं, कारण तोवर स्नायूंतली मायोसिन आणि अ‍ॅक्टिन ही प्रथिनं एकमेकांत घट्ट अडकलेली नसतात. फिश सॉसमधल्या मिठानं मायोसिन सुटतं आणि गुलाबी, चिकट लगदा तयार होतो. आता हे काम यंत्रं करतात. पात्यांच्या घर्षणानं लगदा तापू नये म्हणून मांस आधी गारठवतात.

केळीच्या पानात आवळून उकडताना मायोसिनचं जाळं पाणी धरून ठेवतं. कापलेल्या चकतीवर बारीक छिद्रं दिसली, की जाणकार खूश!

करकरीतपणासाठी काही जण बोरॅक्स मिसळत. व्हिएतनाममध्ये अन्नात त्याला बंदी आहे, आणि ती हवीच.