औषध किती झिरपते?

योनिमार्गात लावावयाचे जेल हा नुसता लेप नव्हे. त्यातील औषध पेशींच्या थरांतून आत झिरपले तरच गुण येतो. जर्मन शास्त्रज्ञ फिक यांनी १८५५ साली मांडलेल्या नियमावरून हा हिशेब करता येतो. औषध दाटीकडून विरळाकडे सरकते. थर दुप्पट जाड, तर वेळ सुमारे चौपट.

एड्सचा विषाणू रोखण्यासाठी योजलेल्या टेनोफोविर जेलच्या सुरक्षिततेची एक चाचणी पुण्यासही झाली. दक्षिण आफ्रिकेत २०१० साली संसर्ग ३९ टक्क्यांनी घटलेला आढळला. २०१५ च्या चाचणीत मात्र लाभ दिसला नाही. वापर नियमित झाला नाही, हे प्रमुख कारण अभ्यासकांनी सांगितले. स्त्रीच्या घरच्या अडचणी गणितात येत नाहीत. म्हणून तुलसीनगरातील कुटुंबांनी अशा विषयांवर संकोच सोडून बोलावे, अशी आमची विनंती आहे.