भंडाऱ्याची बटाटाभाजी

गेल्या वर्षी हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री देवळात गेलो होतो. मंडपात पोरे उकडलेले बटाटे सोलत होती. दोन पोती बटाट्यांचा ढीग ताडपत्रीवर पडला होता. आचाऱ्याच्या बोटाला चिंधी दिसली. ‘गळू आलंय, डॉक्टरसाहेब,’ तो म्हणाला. ‘उद्या दवाखान्यात ये,’ एवढेच बोलून मी घरी आलो.

दुसऱ्या दिवशी पहिली पंगत बाराला उठली. तीनच्या सुमारास उलट्या होणारे पहिले मूल आले आणि संध्याकाळपर्यंत वीसेक पेशंट झाले. एका आजीबाईंना सलाईन लावावे लागले. सगळे बरे झाले. पण रात्रीच मी चार शब्द बोललो असतो तर, ही रुखरुख राहिली.

तपासायला भाजी उरली नव्हती. पण लक्षणे आणि वेळ पाहता कारण उघड वाटते. गळवात बहुधा स्टॅफिलोकॉकस नावाचे जंतू असतात. हाताने ते बटाट्याला लागतात आणि ढिगाच्या उबेत रात्रभर वाढून विष तयार करतात. ‘सकाळी भाजी चांगली उकळली होती की!’ असे मंडळी म्हणाली. उकळल्याने जंतू मरतात, हे विष मात्र नष्ट होत नाही. खाल्ल्यावर १ ते ६ तासांत उलट्या सुरू होतात.

म्हणून भंडारा करणाऱ्यांनी एवढे पाळावे. बटाटे पहाटे उकडावेत, सोलून लगेच फोडणीला टाकावेत. हाताला जखम, गळू किंवा जुलाब असलेल्याने स्वयंपाकाला व वाढायला हात लावू नये. इतरांनी साबणाने हात धुवावेत. पंगत संपेपर्यंत भाजी मंद आचेवर वाफाळती ठेवावी. उरलेली भाजी संध्याकाळसाठी झाकून ठेवू नये.

उलट्या-जुलाब झालेच, तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून घोट-घोट पाजावे. चमचा चहाचा घ्यावा. लघवी कमी झाली, शौचात रक्त दिसले किंवा मूल मलूल पडले, तर घरी थांबू नये.

यंदा आमच्या देवळात बटाटे पहाटे चारला चुलीवर चढले. पोरांची झोपमोड झाली, पण दुपारी माझा दवाखाना रिकामा होता.