सिकलसेल : कपाळावर शिक्का नको, हातात रिपोर्ट हवा

नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली. या जिल्ह्यांतून पोटापाण्यासाठी आलेली कितीतरी बौद्ध कुटुंबं आज निगडी, चिखली, भोसरीपासून चाकण-म्हाळुंगेपर्यंतच्या वस्त्यांत राहतात. त्यांच्यापैकी काही घरांत सिकलसेल हा आजारही सोबत आला आहे. विदर्भात आशाताईंना तो चांगला ठाऊक असतो. इकडे मात्र पोराचे सांधे ठणकले की वाताची गोळी आणि अंग फिकं पडलं की लोहाची गोळी, एवढ्यावर भागवलं जातं. म्हणून या अंकात आम्ही या आजाराविषयी मोकळेपणाने बोलणार आहोत.

सिकल म्हणजे विळा. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असतात. हा आजार असला की त्या विळ्यासारख्या वाकड्या आणि कडक होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि तिथे असह्य कळा येतात. वाकड्या पेशी लवकर फुटतात, म्हणून रक्त कमी होतं, डोळे पिवळे दिसतात. बाळाला साधारण सहा महिन्यांनंतर त्रास सुरू होतो. हाता-पायाची सूज हे पुष्कळदा पहिलं लक्षण असतं.

दोष किती लहान आहे पाहा. लायनस पॉलिंग या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने 1949 मध्ये सहकाऱ्यांसह दाखवलं की मूळ बिघाड हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे. पुढे व्हर्नन इन्ग्रम यांनी नेमकी जागा शोधली. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत 146 दुवे असतात. त्यातला सहावा दुवा बदललेला असतो, बस्स.

हा बदल आई-बापाकडून येतो. एकाकडूनच आला तर माणूस ‘वाहक’ होतो. रिपोर्टवर एएस लिहिलेलं असतं. वाहक सहसा ठणठणीत असतो, नोकरी करतो, संसार करतो. दोघांकडून आला तर एसएस, म्हणजे आजार. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता 25 टक्के, वाहक असण्याची 50 टक्के आणि दोन्हीतून मुक्त असण्याची 25 टक्के. पहिलं मूल निरोगी झालं म्हणून दुसऱ्याचा धोका वाढतही नाही, कमीही होत नाही. दोष सुनेचा एकटीचा कधीच नसतो.

1958 मध्ये नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद ‘लॅन्सेट’मध्ये छापली. तेव्हापासून ‘हा महारांचा आजार’ असं कुजबुजत बोललं जातं. ते खोटं आहे. गोंड, भिल्ल, पावरा या आदिवासींत तो आहे, आफ्रिकेत, अरब देशांत आणि ग्रीसमध्येही आहे. कारण मलेरिया. वाहकाला गंभीर मलेरियापासून संरक्षण मिळतं, हे अँथनी अ‍ॅलिसन यांनी 1954 मध्ये दाखवलं. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता, तिथे हा बदल टिकला. डासाने जात विचारली नाही. मात्र लग्नं एकाच लहान गोतावळ्यात होत राहिली, की दोन वाहक एकत्र येण्याची शक्यता वाढते.

रक्तशुद्धीसाठी जात हवी, हा दावा बाबासाहेबांनी 1936 च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये खोडून काढला. त्याच पुस्तकात त्यांनी पेशवाईतल्या पुण्यात अस्पृश्यांच्या कमरेला झाडू आणि गळ्यात मडकं कसं बांधायला लावत, तेही लिहिलं आहे. त्यामुळे पुढची गोष्ट आपल्याला चटकन कळेल. त्याच पॉलिंग यांनी 1968 मध्ये एका कायदेविषयक नियतकालिकात सुचवलं की वाहकांच्या कपाळावर खूण गोंदवावी, म्हणजे दोन वाहक एकमेकांच्या प्रेमात पडणार नाहीत. थोड्याच वर्षांत अमेरिकेतल्या काही राज्यांनी काळ्या लोकांसाठी सक्तीच्या तपासणीचे कायदे केले. निरोगी वाहकांनाही नोकरीत आणि विम्यात त्रास झाला. शास्त्र बरोबर असूनही त्याचा वापर माणसाला डागण्यासाठी होऊ शकतो. म्हणूनच आमचं सांगणं आहे, की तपासणी जरूर करा, पण विहारातल्या शिबिराचे निकाल माईकवरून वाचू नका, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. ज्याचा रिपोर्ट त्याच्याच हातात द्या.

लग्न ठरवताना बायोडाटाबरोबर दोन्हीकडच्यांनी रिपोर्टही एकमेकांना विश्वासाने दाखवावेत. लपवाछपवीची किंमत शेवटी लेकरू मोजतं. दोघे वाहक असले तरी लग्नाला बंदी नाही. गरोदरपणाच्या सुरुवातीलाच डॉक्टरांशी बोलावं. 1994 च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यानेही अशा रक्तदोषांसाठी गर्भाची तपासणी करायला परवानगी दिली आहे. मुलगा की मुलगी हे सांगणं मात्र गुन्हाच आहे.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. प्रमाणपत्रावर 40 टक्के किंवा जास्त नोंद असेल तर सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांतल्या 5 टक्के राखीव जागांसाठी अर्ज करता येतो. सरकारी नोकरीतल्या 4 टक्के आरक्षणाच्या यादीत मात्र रक्ताचे आजार नाहीत. ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

आता घरातली काळजी. रुग्णाने पाणी भरपूर प्यावं. फाउंड्री, भट्टी, प्रेसशॉपच्या उकाड्यात काम असेल तर पाण्याची बाटली जवळच ठेवावी, थंडीत अंग उबदार ठेवावं. लोहाच्या गोळ्या रक्त तपासल्याशिवाय घेऊ नयेत. ताप, छातीत दुखणं, धाप लागणं किंवा पोटात डाव्या बाजूला अचानक फुगवटा दिसला तर रात्र असली तरी दवाखाना गाठावा. हायड्रॉक्सीयुरियाने बऱ्याच रुग्णांच्या कळा कमी होतात, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीतच घ्यायचं. लहान मुलांना जंतुसंसर्गापासून वाचवायला पेनिसिलिन देतात. 1954 मध्ये स्थापन झालेल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये हेच औषध तयार होऊ लागलं होतं.

पगाराच्या पावतीवर ईएसआयची कपात होत असेल, तर उपचाराचा हक्क तुमच्यासोबत कुटुंबालाही आहे. ठेकेदाराकडून कार्ड मागून घ्या. नसेल तर महापालिकेच्या किंवा सरकारी रुग्णालयात जा आणि स्पष्ट शब्दांत सांगा, “आम्ही विदर्भातले, सिकलसेलची तपासणी करायची आहे.” आधी साधी चाचणी होते. त्यात दोष दिसला तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी होते. वाहक की रुग्ण, हे त्या दुसऱ्या तपासणीतच कळतं. तिचा कागद जपून ठेवा. लेकीच्या आणि लेकाच्या लग्नाच्या वेळी तो लागणार आहे.