लिनक्सवर बाह्य हार्ड डिस्क दिसत नसेल तर...

जुन्या संगणकावर हौसेने लिनक्स बसवून घेणाऱ्यांची पहिली परीक्षा होते ती बाह्य हार्ड डिस्क जोडताना. अनेक वर्षांची छायाचित्रे, प्रबंधाची टिपणे, दुकानाचे हिशेब असे सारे काही त्या डिस्कमध्ये साठवलेले असते. केबल जोडली जाते. पण पडद्यावर एक तर काहीच उमटत नाही किंवा डिस्क 'माउंट' करता आली नसल्याचा निरोप झळकतो. अशा वेळी घाबरून 'फॉरमॅट'चा पर्याय निवडणे, ही सर्वांत महागात पडणारी चूक ठरते. डिस्क दिसत नाही, याचा अर्थ तिच्यातील माहिती नष्ट झाली असा होत नाही. यूएसबी डिस्क तीन पायऱ्या ओलांडून वापरकर्त्यापुढे येते. ती कोणत्या पायरीवर अडली, हे आधी शोधायला हवे.

पहिली पायरी विजेची

यूएसबी २.० च्या जोडणीतून प्रमाणानुसार ५०० मिलिअँपिअर, तर ३.० मधून ९०० मिलिअँपिअर विद्युतप्रवाह मिळतो. तो कमी पडला, की डिस्क नीट फिरतच नाही. अशा वेळी मधला हब काढून डिस्क थेट संगणकाला जोडावी आणि केबल बदलून पाहावी. त्यानंतर टर्मिनल उघडून एल-एस-बी-एल-के ही पाच अक्षरे रोमन लिपीत, लहान अक्षरांत लिहावीत. ही आज्ञा केवळ यादी दाखवते, डिस्कला हात लावत नाही. यादीत 'एसडीबी' यासारखे नाव आणि डिस्कची योग्य क्षमता दिसली, तर पहिली पायरी पार पडली असे समजावे. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर मात्र पुन:पुन्हा प्रयत्न न करता ती जाणकाराकडे न्यावी.

दुसरी पायरी भाषेची

डिस्कवर माहिती ज्या पद्धतीने मांडलेली असते, तिला फाइल सिस्टिम म्हणतात. विंडोजची 'एनटीएफएस' ही पद्धत लिनक्सला दीर्घकाळ अवघड गेली. २००७ मध्ये 'एनटीएफएस-३जी' या मुक्त सॉफ्टवेअरची स्थिर आवृत्ती आली आणि अशा डिस्कवर विश्वासाने लिहिता येऊ लागले. 'एक्सफॅट'चा तपशील मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये खुला केला. २०२० मध्ये लिनक्सच्या गाभ्याच्या ५.७ या आवृत्तीत तिच्यासाठी सॅमसंगने लिहिलेला ड्रायव्हर आला, तर २०२१ मध्ये ५.१५ या आवृत्तीत एनटीएफएससाठी नवा ड्रायव्हर दाखल झाला. त्यामुळे यापूर्वीच्या लिनक्सवर संबंधित पॅकेज वेगळे बसवावे लागू शकते.

तिसरी पायरी 'माउंट'ची

विंडोजप्रमाणे लिनक्समध्ये डिस्कला 'सी', 'डी' अशी अक्षरे मिळत नाहीत. सर्व फोल्डर एकाच वृक्षाचा भाग असतात आणि नवी डिस्क त्यातील एका फांदीला जोडली जाते. यालाच माउंट करणे म्हणतात. विंडोजवर काम सुरू असतानाच डिस्क उपटून काढली असेल, तर तिच्यावर 'तपासणी बाकी' अशी खूण राहते आणि लिनक्स ती माउंट करण्यास नकार देऊ शकते. हा नकार माहितीच्या रक्षणासाठीच असतो. डिस्क पुन्हा विंडोजला जोडून तेथील त्रुटी-तपासणी चालवावी आणि रीतसर 'इजेक्ट' करावी, हा त्यावरील खात्रीचा मार्ग होय.

नवी डिस्क घेतली, तर ती कोठे वापरायची हे आधी ठरवावे. दोन्ही प्रणालींवर वापरायची असल्यास एक्सफॅट सोयीची. 'फॅट३२'मध्ये ४ जीबी वा त्याहून मोठी फाइल मावत नाही. केवळ लिनक्ससाठी 'ईएक्सटी४' उत्तम; मात्र तिच्यात प्रत्येक फोल्डरला मालक असतो. नवी डिस्क 'रूट'च्या मालकीची राहिली, तर फाइल ठेवताना परवानगी नाकारली जाते. अशा वेळी मालकी बदलावी; फॉरमॅट करण्याचे कारण नाही.

शेवटची दक्षता डिस्क काढतानाची. लिनक्स लिहावयाची माहिती काही काळ स्मृतीत धरून ठेवते. त्यामुळे फाइल उतरल्याचे पडद्यावर दिसले, तरी लेखन सुरूच असू शकते. 'इजेक्ट' करून क्षणभर थांबण्याची सवय लावून घेतली, तर तिसऱ्या पायरीवरचा हा अडथळा सहसा उद्भवत नाही. आणि महत्त्वाच्या माहितीची दुसरी प्रत अन्यत्र असेल, तर कोणत्याही पायरीवर घाबरण्याची वेळ येत नाही.