हळूहळू हवा जाणारे चाक : दुरुस्ती की बदल?

सकाळी घराबाहेर पडताना मोटारसायकलचे मागचे चाक किंचित बसलेले दिसते. वाटेतल्या पेट्रोल पंपावर हवा भरली की काम भागते. तीन दिवसांनी पुन्हा तोच प्रकार. कामाची घाई आणि 'अजून चालते आहे ना' हा दिलासा यांमुळे हा क्रम कित्येक आठवडे चालू राहतो. चाक पूर्णपणे बसले असते, तर स्वाराने गाडी ढकलत का होईना, पंक्चरच्या दुकानापर्यंत नेली असती. हवा थोडी थोडी जात असल्यामुळे मात्र तो गाडी चालवत राहतो. एरवी तो एकटा असतो. रविवारी त्याच गाडीवर पत्नी आणि मूल बसते व गाडी घाट उतरू लागते. धोका आहे तो नेमका येथे.

दुचाकीचे ओझे टायर पेलतो, अशी आपली समजूत असते. वास्तविक ते पेलते टायरमध्ये कोंडलेली हवा. रॉबर्ट थॉमसन यांनी १८४५ मध्ये हवेच्या टायरचे पेटंट घेतले आणि १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप यांनी तीच कल्पना नव्याने मांडून व्यवहारात रुजवली. तेव्हापासून तत्त्व बदललेले नाही. रबर आणि त्यातील धाग्यांचे थर हे हवेला आकार देणारे आवरण आहे. हवा कमी झाली की हे आवरण भाराखाली अधिक दबते. ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या साध्या मोटारसायकलचे चाक सेकंदाला सुमारे नऊ फेरे घेते. प्रत्येक फेऱ्यात टायरची बाजू दुमडते आणि सरळ होते. या दुमडण्यातून उष्णता निर्माण होते, थर सैल होऊ लागतात आणि बाहेरून धडधाकट दिसणारा टायर आतून खचतो. शिवाय गाडी वळणावर डोलते व ब्रेक लावताना हेलकावते. पुढच्या चाकातील हवा कमी असेल तर हँडल जड होते आणि गाडी मनाजोगी वळत नाही.

आधी खात्री करा

हवा कमी झाली म्हणजे गळती आहेच, असे नव्हे. रबरातून हवा नैसर्गिकरीत्याही झिरपते. महिन्याला एक-दोन पौंड (दर चौरस इंचाला) घट होणे स्वाभाविक आहे. तापमानाचाही परिणाम होतो. चाकात २८ पौंड हवा असेल आणि तापमान १० अंश सेल्सिअसने उतरले, तर दाब सुमारे दीड पौंडाने कमी भरतो. पुणे-नाशिककडे हिवाळ्यात दुपार आणि पहाट यांच्या तापमानात १५ ते २० अंशांचा फरक पडतो. त्यामुळे दुपारी भरलेली हवा पहाटे दोन-तीन पौंडांनी कमी दिसली, तर दोष चाकाचा नसतो.

यावर सोपा उपाय असा : सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी, टायर थंड असताना, दोन्ही चाकांचा दाब मोजावा आणि लिहून ठेवावा. तीन दिवस, त्याच वेळी, हेच करावे. दोन्ही चाकांत सारखीच किरकोळ घट असेल तर कारण हवामान. एकाच चाकातील हवा उतरत असेल तर गळती नक्की. किती दाब ठेवायचा हे गाडीसोबतच्या पुस्तिकेत दिलेले असते. अनेक गाड्यांवर त्याची चिठ्ठीही चिकटवलेली असते. मागे दुसरी व्यक्ती बसणार असेल तर मागच्या चाकासाठी आकडा वेगळा, म्हणजे जास्त असतो, हे विसरू नये. नायट्रोजन भरल्याने गळती थांबेल, ही समजूतही सोडून द्यावी. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि भोकातून दोन्ही सारख्याच निसटतात.

गळती कोठे आहे?

शोधाची सुरुवात टायरपासून नव्हे, तर व्हॉल्व्हपासून करावी. पंक्चर काढणारा कारागीर हवा भरून झाल्यावर व्हॉल्व्हच्या तोंडावर थुंकीचे बोट लावतो, ते उगाच नव्हे. तेथे बुडबुडा आला तर आतील पिन सैल झाली आहे किंवा तिच्यात कचरा अडकला आहे. पिन घट्ट करणे किंवा बदलणे हे दोन मिनिटांचे, अगदी किरकोळ खर्चाचे काम आहे. व्हॉल्व्हचे टोपण नसणे हेही या दोषाचे एक कारण. धूळ आणि चिखल तेथूनच पिनपर्यंत पोहोचतात.

पिन ठीक असेल तर साबणाचे पाणी घेऊन व्हॉल्व्हच्या बुंध्याला, टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागाला आणि टायर रिमला मिळतो त्या कडेला लावावे. ट्यूबलेस टायरमध्ये बुडबुडे जेथे येतील तेथेच गळती असते. खिळा किंवा तार दिसली तर ती घरी उपटू नये. ती स्वतःच भोकाला बूच लावून बसलेली असते. काढली की उरलीसुरली हवा क्षणात जाते.

ट्यूब असलेल्या चाकात मात्र या परीक्षेला मर्यादा आहेत. ट्यूबमधून सुटलेली हवा टायरच्या आत फिरून व्हॉल्व्हच्या छिद्रातून किंवा आऱ्यांच्या मुळांतून बाहेर पडते. त्यामुळे बुडबुडे एकीकडे आणि भोक दुसरीकडे असे होते. तेथे ट्यूब बाहेर काढून पाण्याच्या घमेल्यात बुडवण्यावाचून गत्यंतर नाही.

ट्यूब असेल तर

भोक सापडल्यावर ते ट्यूबच्या कोणत्या बाजूला आहे हे पाहावे; त्यातून कारण उलगडते. बाहेरच्या बाजूला असेल तर टायरमध्ये काटा, खिळा किंवा तार आहे. व्हॉल्व्हची जागा जुळवून ट्यूब टायरवर धरली की नेमके ठिकाण कळते. तेथे आतून कापड फिरवून टोचणारी वस्तू काढलीच पाहिजे. ती राहिली तर दुसऱ्या दिवशी चाक पुन्हा बसते आणि दोष विनाकारण कारागिरावर येतो. भोक रिमच्या बाजूला असेल तर रिमवरील रबरी पट्टी सरकली आहे किंवा आरीचे टोक वर आले आहे. शेजारी शेजारी दोन चिरा असतील तर कमी हवेवर गाडी खड्ड्यात आदळून ट्यूब रिम आणि टायर यांच्यामध्ये चिमटली आहे.

साधे छिद्र असेल तर पंक्चर काढणे पुरेसे असते. पृष्ठभाग नीट घासणे, सोल्युशन वाळू देणे आणि मगच पट्टी दाबून बसवणे, या तीन गोष्टींत घाई केली की तेथूनच पुन्हा हवा झिरपू लागते. व्हॉल्व्हच्या बुंध्याशी चीर असेल, जुनी ठिगळे उचकटत असतील किंवा एकाच भागात दोन-तीन ठिगळे आधीच असतील, तर ट्यूब बदलावी. नवा टायर घालताना जुनी ट्यूब वापरणे ही खोटी काटकसर होय.

ट्यूबलेस असेल तर

बाहेरून चिकट रबरी दोरी खुपसून भोक बुजवण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे. रस्त्यात अडकलेल्या माणसाला ती घरी पोहोचवते. पण तिच्याने टायरची आतली तपासणी होत नाही. टिकाऊ दुरुस्तीसाठी टायर उतरवून, आतून पाहून, छत्रीच्या आकाराचे रबरी बूच बसवावे लागते. त्याला बाजारात 'मशरूम' म्हणतात. अशी दुरुस्ती रस्त्याला टेकणाऱ्या मधल्या भागातील, सुमारे सहा मिलिमीटरपर्यंतच्या भोकालाच चालते. टायरच्या बाजूला भोक वा चीर असेल तर कोणतीही दुरुस्ती करू नये. तो भाग सतत दुमडत असल्याने बूच तेथे टिकत नाही.

गळती रिमच्या कडेने असेल तर टायर निर्दोष असू शकतो. खड्ड्यात आदळून वाकलेली रिम किंवा कडेवर साचलेला गंज व मळ हे तिचे कारण असते. कड साफ करून टायर पुन्हा बसवला की पुष्कळदा प्रश्न सुटतो. फाटक्या ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूब घालून वेळ मारून नेण्याचा सल्ला मात्र ऐकू नये. त्याने दोष झाकला जातो, जात नाही. चाकात भरायचे चिकट द्रावण हाही तात्पुरता उपाय आहे. ते वापरले असल्यास कारागिराला आधी सांगावे.

टायर केव्हा बदलावा?

टायरच्या बाजूवर 'टीडब्ल्यूआय' ही अक्षरे असतात. त्यांच्या रेषेत खाचांच्या तळाशी रबराचा लहान उंचवटा असतो. खाचा झिजून त्या उंचवट्याच्या पातळीला आल्या की टायरचे आयुष्य संपले. बाजूला फुगवटा, खोल भेगा किंवा उघडे पडलेले धागे दिसले तर नक्षी शिल्लक असूनही टायर काढून टाकावा. टायर कमी हवेवर बराच पळाला असेल आणि उतरवल्यावर आत काळी रबरी भुकटी किंवा बाजूने गोल वळी दिसली, तर त्याचे पंक्चर काढण्यात अर्थ नाही. वय पाहण्यासाठी बाजूवरील चार अंकी आकडा वाचावा : २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पाच वर्षांनंतर टायरची दरवर्षी बारकाईने तपासणी करून घेणे शहाणपणाचे.

चाक परत बसवल्यावर टायरवरील बाण फिरण्याच्या दिशेनेच आहे ना, आसाचे नट घट्ट आहेत ना, साखळीचा ताण ठीक आहे ना, हे पाहावे आणि निघण्यापूर्वी ब्रेक दाबून बघावा. दुसऱ्या दिवशी सकाळी दाब पुन्हा मोजावा. आकडा जागेवर असेल तरच दुरुस्ती पूर्ण झाली असे समजावे.

हवा भरणे ही देखभाल आहे. तीच हवा दर तीन दिवसांनी भरावी लागणे ही सूचना आहे. घाटाच्या वळणावर तिचा अर्थ कळण्यापेक्षा गल्लीच्या तोंडावरील पंक्चरच्या दुकानात तो कळलेला बरा.